उत्तर दाखवलेलं नाही

शारजा. स्टुडिओत एसीची घरघर, सप्टेंबर.
मी त्यांच्या पट्ट्या कपाटात कोंडल्या
आणि म्हटलं, राहता ती जागा काढा,
पण रस्ते नकोत, भिंती नकोत,
उपग्रहाला दिसतं त्यातलं काहीच नको.

मग उरतं काय, मॅडम?

ते बघायला आठवडा आहे.

मुतसिमनं सावल्या काढल्या.
दुपारी साडेबारा ते तीन, बांधकामं थांबतात तेव्हाच्या.
टँकरखाली दोघं. होर्डिंगच्या पायाशी तिरप्या पट्टीत सहा जण,
सावली सरकेल तसे सरकणारे.
आणि एका घाफखाली अकरा, हेल्मेटं उशाला.
घाफ म्हणजे आपली शमी. वर्गात मी ते सांगितलं नाही.
पांडव, अज्ञातवास, झाडावरची शस्त्रं, कुठून सुरू करणार?
फांदीला नाडीनं टांगलेले कुणाचे तरी बूट
त्यानं मात्र न चुकता दाखवले होते.

एकानं नुसतं पार्किंग काढलं.
तेही खोटं नव्हतं.

अन्सिला इथंच जन्मली. तिच्या नकाशात किलोमीटर नव्हते.
रोल्यातलं जुनं घर ते मुवैलातलं नवं: दोन व्हिसे.
शाळा ते कॉलेज: एक व्हिसा, वर पंधरा दिवसांचा दंड.
उजवी कड फाडलेली. तिथं बारीक अक्षरात,
पुढचं रिन्यू झाल्यावर.

मौझा.
(हे नाव हाकारलं की मला सातबारा आठवतो,
मौजे अमुक, तालुका तमुक. वडील मोजणी खात्यात होते.)
तिनं आधी कोरा कागद आणला.
आमच्याकडे काही नाहीच, म्हणाली, घरच आहे.
मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या पायांनी चाल.

तर ती एक अख्खा दिवस अल्माझच्या मागं मागं हिंडली.
जिना, जिना, इस्त्री, जिना.
दिवाणखाना टिकलीएवढा,
इस्त्रीचं टेबल मैदानाएवढं,
मुख्य दरवाजा नाहीच.
आणि मधोमध, गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या फटीत
एक फरशी, जिथं फोनला रेंज येते
आणि अदीसमधल्या मुलीचा आवाज तुटत नाही.

तिची खोली मी मोजली, मॅडम.
माझ्या कपड्यांच्या खोलीहून वीतभर लहान.
आर्किटेक्टच्या प्लॅनवर तिथं 'स्टोअर' लिहिलंय.
आर्किटेक्ट माझे मामा आहेत.
शेवटचं वाक्य तिनं पुन्हा एकदा म्हटलं, अरबीत, स्वतःशी.

बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
सुंदर. पण नॉर्थ चुकलाय.
चुकला नाही, सर. अल्माझला विचारलं, बाण कुठं काढू.
तिनं टाक्यांवरून नैऋत्येकडं हात केला.

माझ्या भाषेत उत्तर म्हणजे दिशा, आणि उत्तर म्हणजे उत्तर.
त्या खोलीत हा विनोद
ऐकायला मी एकटीच होते.

रात्री स्वयंपाकघरात मीच कागद पसरला.
आमचं गाव, वडिलांनी मेणकापडावर काढायचे तसं:
पांद, ओढा, देऊळ, पाटलाची विहीर, गट क्रमांक.
गावकुसाबाहेरच्या कोपऱ्यात ते नेहमी बाण काढत,
सुबक, पिसांसकट.
तिथं जागा मोकळी असते, म्हणायचे.

मोकळी कुठली? त्या बाणाखालून सारजा शाळेत यायची,
माझ्या शेजारी बसायची, चौथीपर्यंत.
दप्तराला खताच्या पिशवीचं कापड.
ती आमच्या दारात शंभरदा उभी राहिली असेल.
उंबऱ्याबाहेर, ते आता लिहिताना कळतंय.

बाण खोडला. खाली कोराच कागद.
पेन्सिल हातात धरून बसले आहे,
पलीकडच्या इमारतीत बांग होऊन गेली,
आणि तिच्या घराचं दार कुठल्या दिशेला उघडायचं
मला सांगता येत नाही.